चंद्रावरची दिवेलागण

८ नोव्हेंबर
वर्धा सुटलं, पुणे आलं! बिबवेवाडीत दोन खोल्या मिळाल्या. वर गच्ची, खाली घरमालकीण वासंतीकाकू, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. जिन्यात पाटी: 'चपला ओळीत ठेवाव्यात. ओळ म्हणजे काय, हे विचारू नये.' मी खो खो हसले. माझी संस्कृती सात वर्षांची. तिला गच्ची मिळाली म्हणजे सगळंच मिळालं.

१२ नोव्हेंबर
काकू देवापाशी रोज दिवा लावत नाहीत. आज मात्र लावला आणि दार सताड उघडं ठेवलं. विचारलं, तर शांतपणे सांगू लागल्या. त्यांची नम्रता नऊ वर्षांची असताना तापात गेली. शेवटी विचारत होती, चंद्रावर खेळायला जाऊ? काकूंनी होकार दिला आणि सवयीने बजावलं, दिवेलागणीला घरी ये. चंद्र स्वतःभोवती इतका सावकाश फिरतो, की तिथला दिवस जवळजवळ पंधरवड्याचा आणि रात्रही तेवढीच. हवा नाही, म्हणून तिन्हीसांज नाही; ऊन नाहीतर एकदम काळोख. आपल्याला दिसतो त्या चंद्राच्या मधोमध सूर्य मावळतो वद्य अष्टमीला. म्हणजे पोरीची दिवेलागण आज. ऐकून मला रडूच आलं.

१५ नोव्हेंबर
संस्कृतीला मैत्रीण मिळालीय म्हणे, नम्रताताई. काकूंचं बोलणं तिने ऐकलं असणार. एकटं मूल असे सवंगडी मनानेच तयार करतं, म्हणून मी रागावले नाही. घर मात्र फार गार पडलंय. दोन गोधड्या पुरत नाहीत. काकू म्हणाल्या, तिकडच्या रात्री पारा उणे दीडशेच्याही खाली जातो, लेकरू ऊब शोधत येतं.

२० नोव्हेंबर
अमावस्या. काकूंच्या मते तिकडे मध्यरात्र.
संस्कृतीचे हात बर्फ झालेत. डॉक्टरांना काही सापडलं नाही. जेवताना ती शेजारी दुसरा पाट मांडते. आज त्या पाटावर मी हात ठेवला — पुन्हा ठेवणार नाही. महिनाअखेर ही जागा सोडायची.

२८ नोव्हेंबर
दुपारी मीटिंग. कानांवर हेडफोन. संस्कृती दारातून विचारत होती, ताईबरोबर खेळायला जाऊ? मी मान हलवली. बोलूनही गेले — दिवेलागणीला घरी ये.
मग कॅलेंडर दिसलं. शुद्ध अष्टमी. तिकडे सकाळ झाली होती —
गच्चीत चपला. ओळीत. टाकीपाशी ती, झोपल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, थंडीने. पुण्यात, भर दुपारी —

११ डिसेंबर
वद्य अष्टमी. जागा सोडली नाही. कशी सोडू? पोरीला हाच पत्ता माहीत आहे.
काकूंनी दोन दिवे लावले. रडून माफी मागत होत्या. मी गोधडी शेकून ठेवली. दार उघडं आहे —

गार वाटायला लागलं.
जिन्यात पावलं. दोघींची —

आली. ओठ निळे. म्हणते, आई, खूप थंडी वाजते, जवळ घे ना —
घेतलं. बोटं बधिर — लिहिता येत —
सकाळी हिला एकटीला नाही जाऊ देणार. संस्कृती, ये, अजून जव