ट्रॅव्हिसचे तीन महिने

प्रिय ब्रॉनी,

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आई, तूच चालवत होतीस म्हणून टाक ना. तुझ्या लायसन्सचे सगळे पॉइंट शाबूत आहेत, तुझं काय जातंय?" मी "बघते" म्हटलं आणि पावसाचा विषय काढला. तुझा टोबी चालवतो ती गाडी अजून माझ्या नावावर, म्हणून वेगाच्या कॅमेऱ्याचं दंडाचं पत्र माझ्या टपालपेटीत आलं. एकशे अठराचा वेग. लाल पी-पाटी लावणाऱ्या नवशिक्या पोराचं लायसन्स एवढ्यावर तीन महिने जातं, आणि माझ्यासारख्या म्हातारीचे नुसते पॉइंट कापतात. त्याची नवी नोकरी जाईल ही तुझी धास्ती मला कळते गं.

पण तुझ्या भावाची एक गोष्ट मी तुला कधीच सांगितली नाही. तू तेव्हा डार्विनच्या इस्पितळात नोकरीला होतीस. ट्रॅव्हिसची पिकअपही माझ्याच नावावर, तिलाही लाल पाटी, आणि असंच पत्र आलं होतं. मी भांडी घासत होते, तर मागून गळ्यात पडला. "आई, लायसन्स गेलं तर मेंढ्या कातरायचा हंगाम बुडेल माझा. एवढ्या वेळेला सांभाळून घे." चालवणाऱ्याचं नाव न कळवता दंड भरला की ते मालकाच्या माथी बसतं. मी टपाल कचेरीत भरून आले, म्हणजे गावभर झालंच. बोल्सच्या मैदानावर चेंडू घरंगळवता घरंगळवता ग्लेनिस सगळ्यांसमोर ओरडली, "काय गं नोरीन, या वयात कुणाच्या मागे लागली होतीस?" मीही ठसक्यात म्हटलं, "अगं, ओव्हनमध्ये केक जळत होता!" सगळ्या पोट धरून हसल्या. खरं सांगते, मला भारी वाटत होतं. पोराला वाचवलं असंच वाटत होतं.

पुढचं तुला माहीत आहे. चढावर त्याने गव्हाच्या ट्रकला मागे टाकायला पाहिलं आणि समोरून दुसरा ट्रक आला. तुला माहीत नाही ते एवढंच, की माझ्या त्या दंडाला तेव्हा जेमतेम सात आठवडे झाले होते. तुझे बाबा मरेपर्यंत त्या ट्रकवाल्याला दोष देत राहिले. "नीट बघून चालवायला काय झालं होतं मेल्याला?" रोज संध्याकाळी तेच. तो बिचारा आपल्या बाजूने सरळ येत होता. मी समोर बसून चहा ओतायचे आणि गप्प राहायचे. बावीस वर्षं गप्प राहिले, ब्रॉनी. मला माझी लाज वाटते.

आज सकाळी त्या कागदावर मी टोबीचं नाव लिहिलं आणि टपालात टाकला. फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस आणि मी विरघळले असते, म्हणून आधी टाकला, मग हे लिहायला बसले. टोबीला बसने जाऊ दे, नाहीतर इथे येऊन राहू दे, मी सोडत जाईन त्याला. तो म्हणेल म्हातारीने माझी वाट लावली. तूही महिनोन्‌महिने बोलणार नाहीस कदाचित. पण तेव्हा मी खरं नाव कळवलं असतं, तर त्या दिवशी ट्रॅव्हिसकडे लायसन्सच नसतं. पाय आपटत, दारं आदळत तो घरी बसला असता, आणि माझ्यावर चिडलेला असता.

तुझीच,
आई