टाचण्या लावलेला पेशंट

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (मी पाठीवर पडून लिहितो आहे, तेव्हा नमस्कार उलटा पोचला तर सरळ करून घे.) तब्येत कशी आहे? वहिनीची विचारत नाही, ती फोनवर स्वतः सांगते. तुझी मात्र विचारावी लागते आणि तू नेहमी "ठणठणीत" एवढंच कळवतोस.

माझ्याबद्दल काहीबाही कानावर आलं असेल. झालं ते असं. गाण्याचे मास्तर दुकानात कोटाची ट्रायल द्यायला आले होते. कोट अजून कच्च्या टाक्यांवर, एक बाही लावलेली, दुसरी टेबलावर आणि पाठीपोटावर टाचण्याच टाचण्या. मी त्यांच्या खांद्याची शिवण बघत होतो, तेवढ्यात छातीवर कुणी इस्त्री ठेवल्यासारखं जड झालं. डावा हात भरून आला, घामाने शर्ट अंगाला चिकटला. पण सांगणार कसा? तोंडात टाचण्या होत्या. (आमच्या धंद्यात तोंड हाच टाचण्यांचा डबा. हिचं म्हणणं, मी गप्प असतो तो तेवढाच वेळ.) त्या एकेक काढून मनगटावरच्या उशीत खोचल्या आणि मगच म्हणालो, पित्त झालंय, बाही लावून घेऊ. मास्तरांनी माझा चेहरा बघितला, मला स्टुलावर बसवलं आणि ॲम्ब्युलन्सला फोन केला.

गाडी आली तोवर मला जरा बरं वाटायला लागलं होतं. आलेल्यांना दार उघडायला मीच उठलो, गळ्यात टेप, हसतमुख. इकडे मास्तर घाबरून खुर्चीत मागे टेकले आणि सगळ्या टाचण्या एकदम रुतल्या. माणूस गाण्यातला, ओरडला तोही भरल्या आवाजात, दोन्ही हात छातीवर ठेवून. मग कुणी कशाला विचारतंय पेशंट कोण ते? त्यांना आडवं केलं, तसा आवाज आणखी चढला. मास्तर माझ्याकडे बोट दाखवत होते, पण गाडीवाल्यांना वाटलं, हा नातेवाइकाला बोलावतोय. मीही बघत उभा राहिलो. खरं सांगतो, मनातून सुटलोच होतो.

मग त्यांच्यातल्या नर्सबाईंनी कोट कापायला कात्री काढली. दादा, तो काही शेवटचा कपडा नव्हता माझ्या आयुष्यातला, पण तेव्हा तसंच वाटलं. "शिवणीवरून उसवा, कापू नका," म्हणत मी धावलो आणि अर्ध्या वाटेत जमिनीवर बसलो. बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं आणि पुढच्या क्षणी तीच कात्री माझ्या शर्टात होती, तीही बटणपट्टीच्या बाजूने, वाकडी. छातीवर तारा चिकटवल्या, ईसीजी काढला, एक गोळी चावायला दिली आणि थेट हॉस्पिटलात. तिथे मनगटातून बारीक तार घालून बंद पडलेली नळी उघडली, आत जाळी बसवली. एवढं काम, पण टाका एकही नाही. कारागिरी म्हणतात ती ही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालतबोलत असलेला माणूस बरा असतो असं कुणी सांगितलं? अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. आज मी खिडकीपर्यंत जाऊन आलो. लवकरच घरी सोडतील. तर आता तुझा कोट शिवावा म्हणतो. माप द्यायला गुरुवारी ये.

तुझा,
धाकटा

ता. क. : कोट हे निमित्त. तू जिना चढताना मध्येच थांबून भिंतीचे पोपडे बघतोस, असं वहिनी सांगत होती. मीही कपाटाला धरून दोऱ्याचा रंग शोधत उभा राहायचो, आणि रंग मला पाठ आहेत. डॉक्टरीणबाईंना तुझ्याबद्दल सांगून ठेवलंय. मला भाऊ एकच आहे. ये.

आणखी ता. क. (अक्षर माझं, म्हणजे हिचं) : भाऊजी, हसतमुख वगैरे काही खरं नाही. आत नेताना यांनी माझा हात सोडला नाही आणि "दादाला जिना चढू देऊ नका" एवढंच म्हणत होते. तुम्ही येणार नाही हे आम्ही दोघी जावा ओळखून आहोत. म्हणून गुरुवारी मास्तर गाडी घेऊन तुमच्या दारात येतील. कोट अजून टाचण्यांतच आहे. तुम्ही नाही म्हणालात तर तो घालून ते तुमच्या खुर्चीत बसणार आहेत.