करड्या शिंगराच्या सिनेमाबद्दल, साइराकानला

माझ्या धाकट्या बहिणीला, साइराकानला, कारा-साय गावाहून थोरल्या भावाचा सलाम, आणि इथूनच तुझ्या कपाळाचा मुका.

तुझे गुडघे कसे आहेत? जावईबापूंचा खोकला, नातवंडांच्या परीक्षा, गॅलरीतलं ते लिंबाचं झाड (सात वर्षांत एक लिंबू!), सगळं ठीक असेल असं धरून चालतो. आमच्याकडेही ठीक. (गाय सोडून. पण ती डोंगरावर चरायला गेली आहे असं मी शेजारच्या मुलांना सांगितलं आहे, तेव्हा तूही तेच धर.)

माझ्या ‘करड्या शिंगरा’वर सिनेमा निघाला, हे तुझ्या कानावर आलंच असेल. म्हणूनच घाईने लिहितो आहे. पुस्तक तुला पाठ आहे. घोडी घाटापलीकडे मीठ आणायला जाते, शिंगरू सगळा हिवाळा वाट बघतं, आणि शेवटच्या पानावर बर्फ वितळून घाटातून टापा ऐकू येतात. अठ्ठेचाळीस वर्षं आपल्या देशातली दुसरीतली पोरं ते पान मोठ्याने वाचत आली. माझ्या वर्गात तर मी ते मुद्दाम मार्चमध्ये घ्यायचो, खिडकीबाहेर पागोळ्या टपटपत असताना. शेगडीशी ओले मोजे वाळत टाकलेले, आणि तीस पोरं एका सुरात टापा वाजवताहेत बाकांवर. तसा सूर पुन्हा कुठे ऐकला नाही. त्या टापा नक्की कुणाच्या, हे मी लिहिलेलं नाही. कुणी विचारलंही नाही. तूही नाही. या सिनेमात मात्र घोडी मरते, आणि तो सिनेमा तू पाहशील, या एका विचाराने मला जेवण गोड लागत नाही.

दिग्दर्शिका चोल्पोनाय म्हणून आहे, वय तीस, केस पोरासारखे कापलेले. (तिची आई माझी विद्यार्थिनी, चाली फार सुंदर म्हणायची, अर्थ शून्य.) या मुलीने शिंगराला एक मालकीण जोडली आहे, सहा वर्षांची पोर. आणि घाटाकडे निघालेल्या घोडीवर त्या पोरीची आई बसवली आहे. पटकथेचे कागद वाचताना माझा चहा बशीत सांडला. मी म्हणालो, बाळे, माझ्या पुस्तकात बाई नाही. तर म्हणते, "गुरुजी, आहे. तुम्ही लिहिली नाहीत इतकंच. घोडी कधी एकटी मीठ आणायला जाते का?" अठ्ठेचाळीस वर्षांत एकाही समीक्षकाला हे सुचलं नव्हतं! मी तिला म्हणालो, हे लहान मुलांचं पुस्तक आहे, अंधार कशाला? ती म्हणाली, "अंधार तुमचाच आहे गुरुजी, मी फक्त पडदा सरकवते."

तरी हुकमाचं पान माझ्याच हातात आहे असं मला वाटत होतं. प्रकाशकाने कागदावर सह्या केव्हाच करून दिल्या होत्या, पण म्हाताऱ्याच्या आशीर्वादाशिवाय आपल्याकडे कुणी साधं कुंपण घालत नाही, सिनेमा कसला काढतील? पहिल्या दिवशी मेंढा कापतील, सगळे माझ्याकडे बघतील, तेव्हा हात मांडीवरून उचलायचेच नाहीत, असं मी ठरवलं. म्हणायचं, आधी घोडी जिवंत करा. झालंही तसंच. मुंडकं मानाने माझ्यापुढे आलं. मी रीतीप्रमाणे कान कापून पंगतीतल्या सगळ्यात लहान माणसाला, म्हणजे सिनेमातल्या पोरीला, बेगायीमला दिला. "ई, यात केस आहेत," ती म्हणाली. (शहरातली आहे.) आणि मग तीस माणसांनी तळवे उघडून पुढे धरले. साइरा, उघडे तळवे बघून ज्याचे हात वर जात नाहीत, असा माणूस मी नाही. हात गेले, तोंड उघडलं, आणि एकदा यमक सापडलं की मला कोण थांबवणार? कॅमेऱ्याला आशीर्वाद दिला, ड्रायव्हरला दिला, विजेच्या तारांना दिला. घोडीचं मरण सुखरूप पार पडो, असाही दिला. (यमक जुळत होतं.) शेवटी ‘आमीन’ म्हणून तोंडावरून हात फिरवला तेव्हा रश्श्यावर चरबी गोठली होती. दिलेला आशीर्वाद मागे घेता येत नाही. चोल्पोनायने वाकून माझा हात धरला आणि म्हणाली, "गुरुजी, आता घोडी तुमच्या परवानगीने मरेल."

एवढ्यावर भागलं असतं. पण पोरीला आई गेल्याची बातमी सांगणाऱ्या म्हाताऱ्याचं काम करणारा शहरातला नट तापाने आडवा झाला. मेल्याची बातमी आपण तोंडावर फेकत नाही, ओळींतून आडून कानावर घालतो. आणि तशा ओळी या पंचक्रोशीत कुणाला येतात, असं चोल्पोनायने भर चौकात विचारलं. सगळी बोटं माझ्याकडे. मला बरंही वाटलं. (खोटं कशाला लिहू? टोपी झटकून घेतली.) ओळी माझ्याच होत्या, फार जुन्या, पंधराव्या वर्षी जुळवलेल्या:

झरा आटला, लेकी, खडक तिथेच आहे;
जिने तुला उचललं, तिला मातीने उचललं आहे.

पहिली ओळ मी छान म्हणायचो. मग बेगायीम मान वर करून बघायची, आणि माझ्या तोंडून निघायचं, "पण येईल हं ती, बर्फ वितळलं की येईल." एकदा, दोनदा, पाचदा. कॅमेरावाला म्हणाला, "गुरुजी, एकाच बाईला किती वेळा उठवाल? उजेड चाललाय." कुणीतरी मागून म्हणालं, मास्तरांना पाठांतर होईना, छडी आणा. सगळे हसले, मीही हसलो. नवव्या खेपेला ती पोर कंटाळली. माझी बाही ओढून म्हणाली, "आजोबा, मला माहितीये ती मेलीये. कागदावर लिहिलंय. तुम्ही नुसतं बोला ना. तुम्ही बोलल्याशिवाय मला रडता येत नाही."

दहाव्या खेपेला मी दुसरी ओळ म्हटली. पोर अशी रडली की खरीखुरी घोडी खुंट्याला हिसके देऊ लागली. टाळ्या झाल्या. मी गाडीमागे जाऊन बराच वेळ टोपी नीट करत होतो.

तर एवढंच कळवायचं होतं. सिनेमा बघण्यासारखा नाही. रस्ताही खराब आहे, तुझे गुडघे, वगैरे. तू येऊ नकोस. सगळ्यांना सलाम.

तुझा दादा,
जुमादिल

ता.क. पहिला खेळ येत्या शनिवारी दुपारी आपल्या शाळेच्या हॉलमध्ये आहे. (लिहिलेलं बरं.)

ता.क. भावार्थ लिहा म्हणून चाळीस वर्षं मी पोरांना छळलं, आज पाळी माझी. पडद्यावरून कळण्याआधी माझ्या हातून कळावं म्हणून लिहितो. साइरा, त्या हिवाळ्यात आपली आई घाटात हिमकड्याखाली गेली. वसंतात सापडली. पलीकडे, मावशीच्या गावात पुरली. ती गेली त्याच आठवड्यात वडील मला म्हणाले होते, पाठांतराचं बक्षीस तुला मिळतं, धाकटीच्या कानावर तू घाल. मी पंधरा वर्षांचा, तू पाच. तीन दिवस ओळी जुळवल्या, आणि तू मान वर करून बघितलंस तेव्हा मिठाची गोष्ट सांगितली. मग तू कराकोलच्या वसतिगृहात गेलीस. तिथे कुणीतरी सांगितलंच असणार. पण तू मला कधी विचारलं नाहीस, आणि मी त्याचं पुस्तक करून टाकलं.

ता.क. आता खरं काम. चोल्पोनायला सिनेमाच्या शेवटी लेकीने आईसाठी गायचा शोक हवा होता. मी म्हणालो, आमच्या घरातला तो अजून गायलाच गेलेला नाही, तुला कुठून देऊ? ज्या लेकीने गायचा तिला रीतीने सांगितलंच नाही कुणी. आता सांगितलं आहे. तेव्हा शुक्रवारीच ये. गाडी मावशीच्या गावापर्यंत जाते, कबर मला माहीत आहे. कॅमेरा येणार नाही, मी बोललो आहे. चाल विसरली असशील तर विसरलेलीच गा. मी पुरुषांच्या रीतीप्रमाणे कबरस्तानाबाहेर काठीवर टेकून मोठ्याने रडेन. ते माझंही राहिलंय. त्या वेळी रडलो नाही. रडलो असतो तर तू विचारलं असतंस, दादा, का रडतोस?