झोसिमची होडी

१२ फेब्रुवारी

चोर! दुसरा शब्दच नाही. आणि तोही घरातला!

शेजारची ग्लाफिरा दाढ काढायला तालुक्याला गेली होती. परतीच्या टपालगाडीला वेळ होता म्हणून ऊब शोधत संग्रहालयात शिरली. तिथे आता अंतराळाचं नवीन दालन केलंय. आज सुजलेला गाल घेऊन थेट माझ्याकडे. "सिमे, तुमची होडी पाहिली! मधोमध ठेवलीय, वरून दिवा सोडलाय. पण पाटीवर नाव प्रोखोरचं गं!"

प्रोखोर म्हणजे माझा सख्खा दीर.

"खाली काय लिहिलंय?" "बारीक होतं. चष्मा घरी राहिला."

होडी माझ्या नवऱ्याची, झोसिमची. रॉकेट वर गेलं की त्याचे रिकामे टप्पे, पत्र्याची अवाढव्य नळकांडी, आमच्या दलदलीत येऊन पडतात. ज्याला सापडला त्याचा पत्रा, असा इकडचा रिवाज. झोसिमने असा पत्रा बर्फावरून घसरगाडीने ओढून आणला, परसात कापला, ठोकून वाकवला. अख्ख्या नदीवर तिच्याइतकी हलकी होडी नव्हती. आणि प्रोखोर? त्याने जन्मात एक खुंटी सरळ ठोकली नाही!

झोसिमला जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात संग्रहालयाची माणसं आली तेव्हा होडी मीच देऊन टाकली. वर त्यांना मासा भरलेले पाव खाऊ घातले! मी चुलीशी, आणि बाहेर अंगणात त्यांच्याशी बोलत कोण उभा? प्रोखोर. आता कळलं काय बोलत होता ते.

१३ फेब्रुवारी

संग्रहालयाला फोन लावला. कोणी मुलगी होती. म्हटलं, नाव चुकलंय, बदला. म्हणते, "आजी, तुम्ही एकदा येऊन वाचा, मग काय ते लेखी द्या." माझ्याच होडीपाशी मी तिकीट काढून जायचं! तसं बोलले तर हसून म्हणाली, "आठ मार्चला या, महिला दिन आहे. बायकांना फुकट."

फुकट! उपकारच झाले.

पण जाणार. नाव बदलून घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही. त्या माणसाचं दुसरं काय उरलंय जगात? मूल नाही, बाळ नाही. एक होडी.

१७ फेब्रुवारी

प्रोखोर आला. दर आठवड्याला येतो तसा, दारातला बर्फ काढायला. काढू दिला. मग टोपी काढून चुलीशी उभा राहिला.

"वहिनी, आज चहाचा सामोवार थंड दिसतोय."

"ज्यांनी होड्या बांधल्या, त्यांच्यासाठी पेटवते मी."

कानापर्यंत लाल झाला. मला वाटलं, आता काही बोलेल, निदान माफी मागेल. तर म्हणतो, "तू नको जाऊ तिकडे. रस्ता वाईट आहे. नुसती पाटी आहे ती." नुसती पाटी! मग स्वतःचं नाव कशाला खरडलंस रे? विचारलं तसं तोंडावर. टोपी घालून निघून गेला.

२३ फेब्रुवारी

पुरुषांचा दिवस. प्रोखोरसाठी लोकरीचे मोजे विणून ठेवले होते. उसवले.

२६ फेब्रुवारी

जायचं कसं हाच प्रश्न. नदीवरचा बर्फाचा रस्ता मार्चअखेरपर्यंत टिकेल, पण गावात गाड्या दोनच. एक प्रोखोरची — त्यात बसण्यापेक्षा चालत जाईन! दुसरी टपालाची.

टपालवाल्या वेनेदिक्तला गाठलं. आधी म्हणे, सरकारी गाडीत माणसं चालत नाहीत. सगळं गाव बसून जातं, मी काय बघत नाही? जरा खडसावल्यावर पोटातलं ओठावर आलं. "प्रोखोरने हात जोडले हो माझ्यापुढे. म्हणाला, वाटेल ते कर, पण वहिनीला नेऊ नकोस."

तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी भीती! म्हणजे आणखी काही लपवलंय. पैसे घेतलेत का? की मुलाखत देऊन पेपरात फोटो छापून आणलाय?

खारवलेल्या अळंब्यांची बरणी वेनेदिक्तच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, आठ मार्च, सकाळी. बरणीकडे पाहिलं त्याने. मग हो म्हणाला.

३ मार्च

ग्लाफिरा येतेय! साक्षीदार म्हणून. आपणहून म्हणाली, "मी सांगते ना त्यांना. झोसिमचा हातोडा दोन वसंत माझ्या कानात वाजलाय. माझा फेदोत तर कुंपणावर बसून बघत असायचा." फेदोत तिचा नवरा. झोसिमच्या आधी वर्षभर गेला, पिवळाधमक होऊन. बिचारी अजून त्याचा कोट खुंटीवरून काढत नाही.

काय बोलायचं ते दोघींनी ठरवलं. आधी मी शांतपणे सांगणार. मग ग्लाफिरा. मग गरज पडली तर मी आरडाओरडा करणार. ग्लाफिरा म्हणते, "तू उलट्याच क्रमाने करशील."

निळा शाल-रुमाल धुऊन टाकला. ग्लाफिराला बजावलं — चष्मा! चष्मा विसरू नकोस!

७ मार्च

प्रोखोर संध्याकाळी पुन्हा दारात. आत आलाच नाही. म्हणाला, "वहिनी, जायचंच तर एकटी जा. ग्लाफिराला नको नेऊ."

का रे, साक्षीदाराला घाबरलास? दार लावून घेतलं.

८ मार्च

चष्मा विसरलीच ग्लाफिरा. "तूच वाच गं मोठ्याने," पाटीसमोर म्हणाली. मी वाचायला लागले, आवाज चांगला चढवून, चार लोकांना ऐकू जाईल असा.

नावाखाली प्रोखोरचे शब्द होते. "अशी पहिली होडी मी बांधून शेजारच्या फेदोतला दिली. या पत्र्यात रॉकेटच्या इंधनाचं विष असतं, हे रॉकेटवाल्यांनी मला माणूस पाठवून सांगितलं होतं. मी फेदोतला सांगितलं नाही. तो रोज तीच वापरायचा. मेला तो."

फेदोतच्या नावापाशी मी थांबायला हवं होतं. थांबता आलं नाही, शेवटपर्यंत वाचलं.

तो सांगायला आलेला माणूस प्रोखोरकडे नाही, आमच्या घरी आला होता. झोसिमने त्याला हसून वाटेला लावलं. आणि फेदोतची होडी झोसिमनेच खांद्यावरून नेऊन ग्लाफिराच्या अंगणात ठेवली होती. ती तेव्हा दारातच उभी होती.

तेवढ्यात फोनवरची मुलगी आली. "नावाची तक्रार तुमचीच ना, आजी?"

ग्लाफिरा पाटीकडेच बघत होती. तीच म्हणाली, "तक्रार नाही, पोरी. नाव बरोबर आहे."