ज्याचा त्याचा पेला

प्रिय ताता,

एकाच घरात राहून बापाला पत्र कसलं लिहितेस, म्हणून तुम्ही हसाल. खुशाल हसा. तोंडानं काही सांगायला गेलं की तुम्ही ते थट्टेवारी नेता, मग मीही हसून उठते आणि सांगायचं राहूनच जातं. म्हणून दवाखान्यातल्या टेबलाशी बसून लिहिते आहे. शनिवारी वारानिसेच्या मृत्यूला शंभर दिवस होतील. शेजारच्या बेटांवरून पाहुणे येतील, सभाघरात यंगोनाच्या मुळांची पूड पाण्यात कालवून प्यायला मोठा लाकडी कटोरा मांडला जाईल. गावची नर्स म्हणून माझं मागणं एवढंच आहे, की त्या पाहुण्यांबरोबर टायफॉईड कुणाच्या घरी जाऊ नये.

मी फार वैतागले आहे, ताता. आठ महिन्यांत अकरा जणांना ताप आला. शहरातल्या कचेरीनं मदत म्हणून काय पाठवलं, तर चकचकीत चित्रं. त्यात एक बाई पांढऱ्या शुभ्र बेसिनमध्ये हात धुते आहे. आपल्या गावात आहे कुणाकडे बेसिन? बायकांना ती चित्रं इतकी आवडली की त्यांनी ती चर्चच्या भिंतीवर लावून भोवती फुलं खोचली. साबण वाटले, तर सेरानामावशी म्हणते, "अगं, एवढा वासाचा साबण रोज कुणी वापरतं का? पाहुण्यांसाठी ठेवलाय." पाणी उकळून प्या म्हटलं. उकळलं बिचाऱ्यांनी, आणि लवकर निवावं म्हणून त्यात ओढ्याचं गार पाणी ओतलं!

पेल्यांची गोष्ट तर विचारूच नका. एकाच करवंटीतून चाळीस जण पितात, म्हणून ज्यानं त्यानं आपापला पेला आणावा, असं मी तीन बैठकांत सांगितलं. बसलेल्या पुरुषांसमोर बाईनं उभं राहायचं नाही, म्हणून दाराशी चटईच्या कडेला बसून, मान खाली घालून सांगितलं. आपोरोसाकाका गावाचे मुखिया. त्यांनी हुकूम सोडला, पेल्यांवर रंगानं नावंसुद्धा घातली गेली. मी इतकी खूश झाले की कचेरीला तसं कळवूनही टाकलं. पुढच्या बैठकीला डोकावते, तर जो तो आपला नावाचा पेला मनगटापर्यंत कटोऱ्यात बुडवतोय! "करवंटी फिरवायची नाही ना? मग वाढणार कोण? घ्या आपापलं," असं आपोरोसाकाकांचं म्हणणं. मी कपाळावर हात मारून घेतला. तुम्ही कटोऱ्यामागे बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होतात. "नर्सबाई, तुमच्याच हुकमाप्रमाणे चाललंय सगळं!"

निदान उकळलेल्या पाण्यात कालवा, म्हणून मी त्या दिवशी तुमच्या पाया पडायची बाकी राहिले होते. तुम्ही म्हणालात, "मग चहाच प्या की! यंगोनाची चव पाण्यात नसते पोरी, कालवणाऱ्याच्या हातात असते. साठ वर्षं या ओढ्याचं पितोय, मला आला का कधी ताप?" सगळं सभाघर हसलं.

आला होता, ताता. मोठ्या वादळाच्या वर्षी. मी सात वर्षांची होते. तुम्ही महिनाभर चटईवर पडून होतात, डोक्यावरचे केस झडले होते. आई चमच्या-चमच्यानं शहाळ्याचं पाणी पाजायची आणि मला बाहेर खेळायला पिटाळायची. त्या तापाचं नाव तेव्हा कुणी विचारलं नाही. तुम्ही उठलात, हिंडूफिरू लागलात, आणि आम्ही ते विसरून गेलो.

वारानिसे मात्र उठली नाही. चोवीस वर्षांची शाळामास्तरीण, माझी मैत्रीण. दोन आठवडे ताप अंगावर काढला, तिची आई पोटाला तेल चोळत बसली. मला बोलावलं तेव्हा पोट फळीसारखं कडक झालं होतं. होडी मासेमारीला गेलेली, ती परत येईपर्यंत दुपार टळली. इस्पितळाचा किनारा दिसत होता, तेव्हा माझ्या मांडीवर तिनं प्राण सोडला. ताप तीन दिवसांवर गेला तर दवाखान्यात या, असं मी दारोदार सांगून घसा बसवला होता. तिच्या आईवर मी मनातून किती चिडले! साबणावर चिडले, ओढ्यावर, पेल्यांवर, अख्ख्या गावावर चिडले.

मागच्या महिन्यात सगळ्यांची शौचाची तपासणी झाली. "माझं सोनं शहराला चाललंय, पावती आण हो," असं म्हणत तुम्ही मला डबी दिलीत. सोमवारी निकाल आला. ताप नसताना ज्याच्या पोटात टायफॉईडचे जंतू आहेत, असा गावात एकच माणूस आहे. ताता, ते तुम्ही आहात. बहुतेक त्या वादळाच्या वर्षापासून ते तुमच्या पित्ताशयात दडून बसलेत. तुम्हाला त्रास देत नाहीत, पण शौचातून बाहेर पडतात, हाताला लागतात, आणि त्याच हातांनी तुम्ही गावाला यंगोना कालवता. यात तुमचा गुन्हा नाही. वारानिसेला ते तुमच्याकडूनच गेले, असं डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. पण तिच्या अंत्यविधीला कालवल्याबद्दल तिच्या आईनं तुम्हाला ज्या दोन चटया दिल्या, त्यांवर सोमवारपासून माझा पाय पडत नाही. अठ्ठावीस दिवस, दिवसाला दोन गोळ्या, मग पुन्हा तपासणी. तोवर कटोऱ्याला हात लावायचा नाही. उद्या सकाळी तुमच्या चहाशेजारी पहिली गोळी ठेवीन. ती घेतलीत, तर आपोरोसाकाकांना तुमचं मनगट दुखतंय एवढंच सांगेन, आणि तुमच्या जागी दुसरं कुणीतरी बसेल. गोळी तशीच राहिली, तर शनिवारी मी दाराशी बसणार नाही. सगळे पुरुष बसलेले असताना, तीन गावांच्या पाहुण्यांसमोर उभी राहून मी तुमचं नाव घेईन. ताता, मला उभं राहायला लावू नका.

तुमचीच,
उनाइसी