चार बोटांचं अंतर

प्रिय ताई,

वाकून नमस्कार (गुडघ्यांनी परवानगी दिली तितकंच वाकून). आम्ही दोघं बरे आहोत. तुझी तब्येत विचारत नाही, कारण तू "मस्त" म्हणणार, आणि शुक्रवारी तुझ्या हृदयाची झडप बदलायची आहे हे मला भाचीकडूनच कळणार. तसंच कळलं.

म्हणून तिकीट काढलं. स्टुलावर चढतानाही ज्यांचा हात धरते, त्या ह्यांना विचारलंसुद्धा नाही. विमान सकाळी आठला सुटतं, दुपारी बाराला तुझ्याकडे उतरतं. तरी खात्री असावी म्हणून आपला शाळेतला नकाशा काढला आणि भूगोलाच्या सिस्टरनी शिकवला होता तसा दोरा ताणला. (त्या पानावर तुझ्या शाईचा डाग अजून आहे. छडी मात्र मी खाल्ली होती.) माझं गाव ते तुझं गाव, चार बोटं. चार बोटं, चार तास. सिस्टर खूश झाल्या असत्या.

चार तासांपुरतं धैर्य गोळा होईल असं वाटलं. तालीम म्हणून कपाटाकडे तोंड करून खुर्चीत बसले आणि ह्यांच्या पट्ट्याने स्वतःला बांधून घेतलं. ह्यांनी ट्रेमधून चहा दिला, मधूनमधून खुर्ची गदागदा हलवली (ढग, म्हणे). मी डोळे मिटून शाळेतली प्रार्थना तीनदा म्हटली, चौथ्यांदा शब्दच आठवेनात. पण चार तास काढले! तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे तिकीट एजंट आले. रिटायर झालेत, पण तिकीट दिसलं की हात पुढे होतोच. "वहिनी, सुटायची वेळ इथली, उतरायची तिथली. सव्वासात हजार किलोमीटर आहेत. साडेनऊ तास धरा."

तुझं घड्याळ साडेपाच तास मागे, हे मला वीस वर्षं पाठ आहे. पण एकाच तिकिटावर दोन गावांची घड्याळं छापतील हे कुणाच्या डोक्यात येईल? मी मटकन खुर्चीत बसले. "छान," हे म्हणाले, "बसलीच आहेस तर उरलेले साडेपाच तासही उरकून घे."

खरं सांगू, विमानापेक्षा दुसरीच भीती मोठी आहे. रोज फोनवर तुझा आवाज कानाशी असतो, त्यामुळे तू पलीकडच्या खोलीत आहेस असंच मी धरून चालले होते. तू हाक मारलीस तर मला पोचायला साडेनऊ तास लागतील, हे मला आत्ता कळतंय.

माझ्याच्याने येणं होणार नाही, ताई. रागावू नकोस.

तुझी भित्री,
धाकटी

ता. क. टपालाला दहा दिवस लागतात असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या. शुक्रवारच्या आत हे तुला मिळायचं, तर घेऊन येणारं माझ्याशिवाय दुसरं कोणी नाही. पाकीट सध्या मांडीवर आहे. दारं लावली. खिडकीकडे मी बघत नाही.

ता. ता. क. परतीचं तिकीट काढलेलं नाही. एकटीने पुन्हा विमानात बसणं मला या जन्मी जमायचं नाही. तेव्हा मुकाट्याने बरी हो, आणि मला घरी पोचवायला चल.