विमानाची डावी बाजू

बाबा, तुमचं विमान अखेर जोडून झालं. हॉलमधल्या शोकेसमध्ये ठेवलंय, आईला बसल्या जागेवरून दिसेल असं. ती येताजाता त्याच्यापुढे उभी राहते, आणि ती उभी राहिली की मला तिथून पळून जावंसं वाटतं. काल भाजी निवडता निवडता उठले, गॅलरीत गेले आणि वाळलेले कपडे झटकून पुन्हा वाळत घातले. आई म्हणाली, "काय गं, बूड टेकत नाही तुझं एका जागी?" आता तिला काय सांगू, कपाळ! तिला सांगता येत नाही म्हणून तुम्हाला सांगतेय. तुम्ही ओरडणार, माहितीय. ओरडा.

कपाटावरचा त्या मॉडेलच्या किटचा खोका अकरा वर्षं तसाच होता. विमानाचे दोन अर्धे भाग, डावा आणि उजवा, एकमेकांवर ठेवून रबरबँडने बांधलेले. तुम्ही गेल्यापासून आईचं एकच पालुपद, "यांचं तेवढं अर्धंच राहिलं." यंदा तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तिने सरळ धोशाच लावला. "आता दिसतंय मला नीट, तर एकदा पुरं झालेलं बघू दे." मी म्हटलं, करते. करायचं तर झोकात करू. किटमधलं कॉकपिट म्हणजे काय, तर एक फळी आणि एक खुर्ची. पण हल्ली हौशी लोकांसाठी रेझिनचं वेगळं कॉकपिट ओतलेलं मिळतं. मागवलं. बाबा, तुम्ही बघायला हवं होतं हो! नखाएवढी खुर्ची, तिच्यावर पट्टा, पट्ट्याला बक्कल. बाजूच्या भिंतींवर बटणं, खटके, आणि तुम्ही ज्यांना घड्याळं म्हणायचात ते सगळे डायल, सुईसकट.

रेझिन काही मला नवीन नाही. नालासोपाऱ्याच्या लॅबमध्ये दिवसभर दातांच्या कवळ्या घासते मी. तुम्ही होतात तेव्हा शिकाऊ होते, आता तिथली सगळ्यात जुनी मीच. हातात घासायचं मशीन आलं की विचार करायच्या आधी हात चालतो. तिथे त्याचं कौतुक होतं. तुमच्याकडे कधी झालं नाही. सहावीत असताना मी एका छोट्या विमानाचा पंख उलटा चिकटवला होता. तुम्ही सांताक्रूझच्या विमानांच्या वर्कशॉपातून आलात, अजून पायातले बूट काढले नव्हते, आणि म्हणालात, "हात आहेत की हातोडे? आधी कोरडं बसवून बघ. गोंद नंतर." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी तुम्ही मला तुमचा बारीक टोकाचा चिमटा देऊन टाकलात. लॅबमध्ये अजून तोच वापरते, कुणाला हात लावू देत नाही.

तर रविवारी सकाळी आई देवपूजेला बसली आणि मी खोका काढला. रबरबँड वितळून प्लास्टिकला चिकटले होते, ते सोडवले. रेझिनच्या भिंती आत बसायच्या तर विमानाची भिंत आतून कागदाइतकी पातळ करावी लागते, असं पाकिटातल्या कागदावर लिहिलंय. मी डावा भाग उचलला. आतून हिरवा, आणि त्यावर बारीक बारीक काळेपांढरे ठिपके. मला वाटलं बुरशी. आपल्या फुलपाड्यात पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी धरते, खोक्याला का नाही धरणार? लॅबमधून आणलेलं मशीन लावलं. पाच मिनिटांत भिंत साफ, गुळगुळीत. कोरडं बसवून बघितलं नाही. उजवा भाग उलटा करूनही बघितला नाही.

तो नंतर बघितला, खिडकीशी, उन्हात. तिथेही तेच ठिपके होते, आणि आता उन्हात दिसलं, ते ओळीत होते. सुईच्या टोकाने काढलेली घड्याळं होती ती, बाबा, डावीकडची मी घासून टाकली तशीच. एकेका घड्याळात पांढरा काटा, खाली खटक्यांची रांग, आणि सगळ्यांत खाली, फळीआड झाकलं जाईल अशा जागी, एक लाल ठिपका. तो मी ओळखला. लहानपणी एकदा मला वर्कशॉप दाखवायला नेलं होतंत, तेव्हा दुरुस्त झालेल्या प्रत्येक घड्याळाच्या स्क्रूवर तुम्ही लाल लाखेचा थेंब देत होतात. "म्हणजे काय?" विचारलं, तर म्हणालात, "म्हणजे मी बघितलंय. आता कुणी हात लावायचा नाही."

काटे वाकडे होते. ओळी खाली घसरल्या होत्या. म्हणजे हे शेवटच्या वर्षातलं. नोकरी सुटल्यानंतरचं, चहा कपातून बशीत आणि बशीतून शर्टावर सांडायचा तेव्हाचं. दुपारी तुम्ही गॅलरीत खोका मांडीवर घेऊन बसायचात आणि मला वाटायचं, नुसते बसलेत. एकदा तर मी फटकन म्हणाले, "राहू द्या आता बाबा, रंग सांडाल." तुम्ही झाकण लावलंत. ते आठवलं आणि मी त्या खिडकीशी ढसाढसा रडले. आतून आईची घंटा वाजत होती.

उजव्या भिंतीला मी हात लावला नाही. रेझिनची फळीच त्या बाजूने घासून बारीक केली, तीनदा कोरडी बसवून बघितली, मग गोंद लावला. डावीकडे विकतची भिंत, उजवीकडे तुमची. वरचं काचेचं झाकण उघडंच ठेवलं.

परवा आईने भिंग मागितलं. कितीतरी वेळ आत बघत होती. मी शेजारी उभी. मग तिने डावीकडे बोट दाखवलं. "हे यांचं. हात बघ काय होता! एक रेघ इकडची तिकडे नाही." डोळे पुसले, पुन्हा भिंगातून बघितलं. "आणि उजवीकडचं तू केलंस ना? चांगलंय गं. जरा हललाय हात तुझा, पण चांगलंय."

"हो," मी म्हणाले.

तिच्या तोंडावर जो आनंद होता तो मोडवला नाही, असं मी स्वतःला सांगतेय परवापासून. ते खरंही आहे थोडं. लॅबच्या वहीची चार पानं फाडून हे लिहिलंय, आता वहीतच घालून ठेवीन, आई वही उघडत नाही. पण तुम्हाला तरी खोटं नको. "हो" म्हणाले तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं, बाबा. तुमची आठवण त्यानंतर आली.